अण्णांचं कटर

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराच्या अलीकडं एका बोळात अण्णांचं रेडियमचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली. भिंतीला टेकवून उभे केलेले रंगीत व्हिनाइलचे रोल, काउंटरवर कात्री, स्टीलची पट्टी, प्लास्टिकची स्क्वीजी आणि शाम्पूचं पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली. गाडीवरचं देवाचं नाव, दवाखान्याच्या काचेवरची वेळ, टेम्पोच्या मागच्या फळीवरचं मुलाबाळांचं नाव, सगळं इथं कापून मिळतं. गेल्या पावसाळ्यात मी तिथं गेलो तेव्हा अण्णा टेबलावर वाकून, चष्मा नाकावर ओढून, ब्लेडनं हातानं अक्षरं कापत होते. त्यांचं वय आता पासष्टच्या पुढं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणून बोळातले लोक म्हणतात तसं नुसतं अण्णा.

‘कापायचं मशीन कुठं गेलं?’ मी विचारलं. त्यांनी काउंटरखाली बोट दाखवलं. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळलेलं दोन फुटी कटर तिथं आडवं पडलं होतं. बंद पडून चार वर्षं झाली होती. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी बोर्ड मिळत नाही, नवीन मशीन घ्या, असं सांगून हात वर केले. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला.

‘द्यायला मन होईना,’ अण्णा म्हणाले. ‘मशीन मेलं न्हाई, पावणं. डोकं तेवढं बंद पडलंय. हातपाय धड हाईत.’

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं, पण पुढचे दोन महिने मी ज्या कारणानं दर रविवारी त्या बोळात जात राहिलो, ते कारण त्या वाक्यात होतं. ते पूर्णपणे खरं निघालं.

अण्णा मुळात पेंटर. मनगटाखाली काठी धरून, खडूच्या दोरीनं रेघ मारून, ट्रकच्या फळ्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. मग संगणक आला, आणि ज्या पाटीला दोन दिवस लागायचे ती दोन तासांत होऊ लागली. पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी २००५ साली हे कटर घेतलं. कोरल ड्रॉ शिकले, श्रीलिपीचे टंक शिकले. ज्यानं आयुष्यभर हातानं ‘श्री’ काढला त्याला पडद्यावरचा ‘श्री’ पसंत पडायला वेळ लागतो. ते अजूनही टंकातलं अक्षर तसंच्या तसं कापत नाहीत, आधी त्याचे पोट-पाय दुरुस्त करतात.

ज्या शहरात हे घडतंय त्याची एक जुनी गोष्ट इथं सांगायलाच हवी. बाबूराव पेंटर हे याच कोल्हापूरचे. आडनाव मेस्त्री, हातात ब्रश, नाटकांचे पडदे रंगवणं हा धंदा. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचा असा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम तडीला नेलं, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. रंगवणाऱ्या माणसानं यंत्र उघडून बघायचं असतं, ही या गावची रीत शंभर वर्षांची आहे. अण्णांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. त्यांच्या पुतण्याला ती अण्णांनी इतक्या वेळा ऐकवली आहे की तो आता मान हलवून हसतो.

हा पुतण्या या लेखातला दुसरा माणूस. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, दिवसा एका कारखान्यात मेंटेनन्सला. त्यानं पहिल्या रविवारी कटरचं झाकण उघडलं. पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते आणि मुख्य बोर्डावर एका जागी काळा डाग पडला होता. बोर्डवरच्या मोठ्या चिपचं नाव घासून काढलेलं. कुठली चिप आहे तेच कळू नये म्हणून कारखान्यातच असं करतात. दुरुस्ती करणाऱ्याच्या तोंडावर मारलेलं हे दार मला त्या दिवशी फार लागलं. माणसानं पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या आत काय आहे हे त्याला कळू नये, यासाठी कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन बसलं होतं.

पण बोर्ड सोडला तर यंत्र साधं होतं. मागं एक लांब दांडा, त्यावर ठरावीक अंतरानं खरखरीत पट्टे. वर रबराचे दाबाचे रोलर. या दोहोंच्या मधे व्हिनाइल धरलं जातं आणि पुढं-मागं सरकतं. ब्लेड बसवलेली कॅरेज बेल्टच्या ओढीनं डावी-उजवी जाते. एका दिशेला कागद हलतो, दुसऱ्या दिशेला ब्लेड, आणि दोघांच्या मेळातून गोल, तिरकं, हवं ते निघतं. ही युक्ती प्लॉटरची, म्हणजे कागदावर आखणी करणाऱ्या यंत्राची. अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खरखरीत चाकांचे प्लॉटर बाजारात आणले. त्यांच्यात पेन असायचं. पेनाच्या जागी ब्लेड आलं की कटर झालं.

अक्षरं कापण्याच्या यंत्रांमागं आणखी एक माणूस आहे, जोसेफ गर्बर. १९२४ साली व्हिएन्नात ज्यू घरात जन्मलेला, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत पोचलेला. विद्यार्थिदशेत त्यानं पायजम्याच्या इलॅस्टिकवर खुणा करून ताणता येणारी मोजपट्टी केली आणि तिच्यावर कंपनी उभी केली. १९८०च्या दशकात याच कंपनीच्या यंत्रांनी पाटी रंगवणाऱ्यांच्या धंद्यात संगणक आणला. अण्णांच्या पंचवीस वर्षांच्या धंद्याची दिशा बदलणारं मूळ तिथं आहे. मी हे सांगितलं तेव्हा अण्णांनी बाकीचं सोडून इलॅस्टिकचंच दोनदा विचारलं.

आता डोकं बदलण्याचं काम. पुतण्यानं आणलेला बोर्ड पत्त्याच्या पानाहून लहान होता. आर्डुइनो उनो. इटलीतल्या इव्ह्रेया गावात २००५ साली डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी मास्सिमो बान्झी आणि सहकाऱ्यांनी हा प्रकल्प सुरू केला, आणि तिथल्या एका बारचं नाव त्याला दिलं. बारचं नाव पडलं होतं हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन नावाच्या राजावरून. इव्ह्रेया हे ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचं गाव. म्हणजे अक्षरं उमटवण्याच्या यंत्रांशी त्या मातीचं नातं आधीपासूनचं. बोर्डचा नकाशा सगळ्यांना खुला ठेवला, म्हणून त्याच्या हुबेहूब प्रती जगभर बनतात आणि आपल्याकडं चारपाचशे रुपयांत मिळतात. तिकडं चिपचं नाव घासून काढलेलं, इकडं सगळा नकाशाच टेबलावर ठेवलेला. अण्णांच्या काउंटरवर ते दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी पडले होते, आणि मला त्यातला कुठला जवळचा वाटला हे वेगळं सांगायला नको.

उनोवरची चिप आठ बिटांची, सोळा मेगाहर्ट्‌झची. काम करताना लक्षात ठेवायला तिला जागा असते दोन किलोबाइट. मराठीचं एक अक्षरचिन्ह संगणकात सहसा तीन बाइट घेतं. म्हणजे या चिपच्या स्मृतीत मराठीची जेमतेम सातशे चिन्हं मावतील, हा लेख तर पहिल्या दोन परिच्छेदांतच बाहेर सांडेल. एवढ्याशा डोक्यावर दोन मोटर आणि एक ब्लेड चालवायचं होतं.

मोटरना सहा-सहा तारा होत्या आणि रंगांचा काही मेळ नव्हता. कुठली तार कुठल्या कॉइलची हे पुतण्यानं मल्टिमीटर लावून शोधलं, पण त्याआधी त्यानं मला एक गंमत दाखवली. मोटरचा आस चिमटीत धरून फिरवला तर हलका फिरतो. दोन तारांची टोकं एकमेकांना पिळली आणि आस जड झाला, तर त्या दोन्ही एकाच कॉइलच्या. मी फिरवून बघितला. तारा सुट्या असताना लोण्यासारखा फिरणारा आस तारा जोडताच अडखळू लागला, जणू आतून कुणी बोट धरलं. चार वर्षं फ्लेक्समध्ये पडलेली मोटर जिवंत आहे हे मला माझ्या चिमटीत कळलं. अण्णांनीही फिरवला. काही बोलले नाहीत, पुन्हा एकदा फिरवला.

ही स्टेपर मोटर. एका फेऱ्याचे दोनशे टप्पे. प्रत्येक टप्प्याचे मोटर चालवणाऱ्या छोट्या सर्किटनं, म्हणजे ड्रायव्हरनं, आणखी सोळा भाग केले, म्हणजे फेऱ्याला ३,२०० पावलं. दांड्याचा व्यास पट्टीनं मोजला, वीस मिलिमीटर भरला, त्यावरून मिलिमीटरला ५०.९ पावलं असा हिशेब केला आणि यंत्राला पाचशे मिलिमीटरची रेघ मारायला सांगितली. रेघ आली ४८७ मिलिमीटरची. खरखरीत पट्ट्याच्या कंगोऱ्यांवरून पट्टी धरल्यामुळं व्यास अर्धा मिलिमीटर जास्त वाचला गेला होता. पावलं ५२.३ केली, तेव्हा रेघ बरोबर आली. शंभर मिलिमीटरवर तपासलं असतं तर चूक तीनच मिलिमीटरची दिसली असती आणि पट्टीच्या वाचनातच फसली असती, म्हणून लांब रेघ मारायची. हे पुतण्यानं सांगितलं आणि अण्णा म्हणाले, खडूची दोरीबी लांबच धरायची असती, जवळ धरली की रेघ वाकडी.

हे सगळं इतकं सरळ झालं नाही. पहिले दोन रविवार वायाच गेले. ब्लेड वर-खाली करायला या यंत्रात विद्युतचुंबकाची कॉइल आहे. ती दर वेळी सुटली की बोर्ड आपोआप नव्यानं सुरू व्हायचा आणि काम मध्येच थांबायचं. कॉइलचा प्रवाह तोडला की तिच्यात क्षणभर उलटा, मोठा दाब उठतो, तो बोर्डाला धक्का देत होता. कॉइलच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा जोडला आणि त्रास गेला. डायोडची किंमत एक-दोन रुपये. एक मोटर ड्रायव्हर मात्र कायमचा गेला, कारण चालू असताना मोटरची तार काढली. ही चूक करायची नाही हे प्रत्येक जण एक ड्रायव्हर जाळूनच शिकतो, असं पुतण्या म्हणाला.

जगभर असं काम करणारे बहुतेक लोक उनोवर जीआरबीएल नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकतात. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूडनं ते २००९ साली लिहिलं. पुतण्यानंही आधी तेच टाकलं आणि यंत्र चाललंही. अडचण वेगळीच आली. त्यासाठी आखणी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी लागे, तिथून वेगळ्या भाषेत बदलून घ्यावी लागे. अण्णांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि माउस ठेवला. वीस वर्षं त्यांचा हात कोरल ड्रॉवर बसला आहे. तिथं ‘प्रिंट’ म्हणायचं आणि कटर चालू व्हायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मला पुतण्याचं मोठेपण इथं दिसलं. त्यानं चालणारं काम मोडलं आणि बोर्डासाठी स्वतः प्रोग्राम लिहायला घेतला, जुन्या प्लॉटरची भाषा समजणारा. ती भाषा एचपीजीएल, ह्यूलेट-पॅकार्डचीच. फार साधी आहे. पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली, आणि पुढं दोन आकडे, कुठं जायचं ते. एका मिलिमीटरचे चाळीस भाग. पीडी ४०००, २४०० म्हणजे पेन टेकवून, मूळ कोपऱ्यापासून शंभर मिलिमीटर आडवं आणि साठ मिलिमीटर उभं जो बिंदू येतो तिथं जा. कोरल ड्रॉला वाटतं समोर जुनं कटरच आहे. अण्णांना काहीच नवीन शिकावं लागत नाही. माणसाला यंत्राप्रमाणं वळवण्यापेक्षा यंत्र माणसाप्रमाणं वळवण्याला जास्त कष्ट पडतात. ते कष्ट त्यानं कारखान्यातून आल्यावर रात्री घेतले.

इथंही दोन किलोबाइटचा फास होताच. येणाऱ्या मजकुरासाठी बोर्डाची ओंजळ चौसष्ट बाइटची, म्हणजे अशा पाच आज्ञांची. संगणक सेकंदाला साडेनऊशे अक्षरं ओतत होता, ब्लेड आपल्या गतीनं कापत होतं. ओंजळ भरून सांडायची, मधल्या आज्ञा हरवायच्या आणि एखादा ‘म’ अर्ध्यातून तिरका फाटत जायचा. यावरचा उपाय टेलिप्रिंटरच्या काळापासूनचा आहे. ओंजळ भरत आली की बोर्डानं ‘थांब’ हे एक चिन्ह पाठवायचं, रिकामी झाली की ‘दे’. ते बसवल्यावर फाटणं थांबलं.

पाचव्या रविवारी पहिला शब्द कापायचा ठरला. अण्णांनी ‘चांगभलं’ निवडला. जोतिबाच्या मुलखात दुसरं काय निवडणार? चार इंच उंचीचा, लाल व्हिनाइलवर.

देवनागरी कापणं ही वेगळी विद्या आहे आणि ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली मी पाहिली नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. टंकातलं प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेघ घेऊन येतं आणि शेजारच्या रेघेवर थोडं चढतं. पडद्यावर ते दिसत नाही. पण ब्लेड प्रत्येक अक्षराची कड पाळतं, त्यामुळं जिथं रेघा एकमेकींवर चढल्या तिथं आडवा छेद जातो आणि चिकटवताना शब्दाचे तुकडे पडतात. म्हणून कापण्याआधी सगळी अक्षरं ‘वेल्ड’ करायची, एकसंध करायची. ते केलं की शिरोरेघेची खरी कमाई हाती येते. ‘कोल्हापूर’ इंग्रजीत कापलं तर आठ सुटी अक्षरं हाताळावी लागतात. मराठीत अख्खा शब्द शिरोरेघेला लटकून एका झटक्यात बॅकिंगवरून उचलला जातो. ‘चांगभलं’ मात्र एका तुकड्यात येत नाही. ‘भ’ची शिरोरेघ डावीकडं तुटलेली असते, तिथं गाठ असते. ती फट बुजली तर ‘भ’चा ‘म’ होईल. म्हणजे ‘चांग’ एक तुकडा, ‘भलं’ दुसरा, आणि दोन अनुस्वार सुटे. हे अनुस्वार फार त्रास देतात. नको असलेलं व्हिनाइल सोलून काढताना टिंब त्याच्याबरोबर निघून जातं आणि लक्षात येतं ते गाडीवर चिकटवल्यावर. अण्णा सोलताना डाव्या हाताची तर्जनी टिंबावर दाबून ठेवतात. त्या बोटाची कड त्यामुळं घट्ट झाली आहे.

पहिला ‘चांगभलं’ बिघडला. सगळे कोपरे गोल आले, ‘भ’ची गाठ बटाट्यासारखी. कारण ब्लेड होल्डरमध्ये सुटं फिरतं आणि त्याचं टोक मध्यापासून पाव मिलिमीटर मागं असतं. पुतण्या आकृती काढू लागला, पण अण्णांनी एका वाक्यात सांगितलं: उसाची ट्रॉली. ट्रॅक्टर जागच्या जागी वळवला तर मागची ट्रॉली कोपरा कापून आत जाते, म्हणून ड्रायव्हर कोपरा ओलांडून थोडा पुढं जातो आणि मग वळवतो. ब्लेडलाही तसंच न्यावं लागतं. कोपऱ्यापाशी पाव मिलिमीटर पुढं, मग छोटा कंस, मग नवी दिशा. प्रोग्राममध्ये ते घालायला आणखी एक आठवडा गेला.

सहाव्या रविवारचा शब्द मी माझ्या हातानं सोलला. ब्लेडनं वरचा पडदा कापला होता आणि खालच्या कागदावर नुसता ओरखडा होता, जितका हवा तितकाच. कोपरे धारदार होते. ‘भ’ची फट उघडी होती. अण्णांनी भिंगातून गाठ पाहिली, अंगठ्यानं कड चाचपली आणि म्हणाले, ‘आता झालं कोल्हापुरी.’

याला लागलेला खर्च पुतण्यानं वहीत मांडला आहे. बोर्ड, ड्रायव्हर, जळालेला ड्रायव्हर, पॉवर सप्लाय, किरकोळ सामान, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. श्रम त्यात धरलेले नाहीत आणि मला वाटतं ते धरायला हवेत. कुणी असं काम करून देत असेल तर त्याला त्याच्या रात्रींचे पैसे मिळाले पाहिजेत. तरच हा हुन्नर गावात टिकेल.

अण्णांच्या धंद्याचं पुढं काय, हे मात्र या बोर्डानं सुटणारं नाही. नंबरप्लेट हे रेडियमवाल्याचं रोजचं काम होतं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट बंधनकारक झाली आणि मग महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती बसवायची सक्ती आली, मुदती वाढत वाढत. ४१४१चा ‘दादा’ आणि २१४चा ‘राम’ करणाऱ्या प्लेटा नियमात कधीच बसत नव्हत्या, त्या गेल्या याचं मला दुःख नाही, अण्णांनाही नाही. पण साध्या प्लेटेचं कामही त्यांच्याबरोबर गेलं. उरली ती नावं, पाट्या, काचा, आणि ऊस हंगाम आला की ट्रॉल्या.

ट्रॉल्यांचं काम अण्णा जिवापाड करतात. रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून गाडी धडकल्याची बातमी आमच्याकडं दर हंगामात असते. प्रकाश परत फेकणारी पट्टी मागं असेल तर ट्रॉली लांबून दिसते. लोक त्या पट्टीलाही रेडियमच म्हणतात. क्युरी दांपत्यानं १८९८ साली शोधलेलं रेडियम पुढं घड्याळांच्या चमकत्या काट्यांना लावलं गेलं, आणि ब्रशाचं टोक ओठांत धरून ते रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या मुली त्यानं मेल्या. दुकानातल्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, आणि ते आलेला प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवतात.

दसऱ्यानंतर मी गेलो तेव्हा कटर चालू होतं. ट्रॉलीमालकांची नावं निघत होती, शेजारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे तुकडे रचून ठेवले होते. फ्लेक्सचा जुना तुकडा आता कटरखाली धूळ बसू नये म्हणून अंथरला होता.

तुमच्या दुकानात, गोडाऊनमध्ये, कॉलेजच्या प्रयोगशाळेत असं बंद पडलेलं कटर किंवा प्लॉटर असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. वायर प्लगमधून काढा, झाकण उघडा, मोटरच्या तारा बोर्डावरून सोडवा. आस हातानं फिरवून बघा, मग तारांची टोकं दोन-दोन करून पिळा आणि पुन्हा फिरवा. एखाद्या जोडीला आस जड झाला, तर मशीन देऊ नका.